पंचविशीचा बेल्ट

लाल बेल्टच्या मानकरणींची यादी वाचायची तर नावांपेक्षा वयं वाचावीत. माख फुमिआके, १९७५, वय १६. जॅग्वार योकोता, १९८१, वय १९. बुल नाकानो, १९९०, बाविसावा वाढदिवस चार दिवसांवर आलेला. आजा काँग, १९९२, वय २२. मानामी तोयोता, १९९५, वय २४. जपानमधल्या बायकांच्या व्यावसायिक कुस्तीतला हा एके काळचा सर्वांत मानाचा किताब. कागदोपत्री नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए जागतिक विजेतेपद, पण चामडं लाल म्हणून सगळ्यांच्या तोंडी ‘लाल बेल्ट’. ही वयं पाहून वाटतं, जिम्नॅस्टिक्ससारखा कोवळ्या पोरींचा खेळ असेल, अंग वळतंय तोवरच जमत असेल. तसं काही नव्हतं. पंचविशी आली की घरी जायचं, असा कंपनीचा रिवाज होता.

हे आज काढायचं कारण म्हणजे एक लाडकं मत. २०२४ मध्ये डम्प मात्सुमोतो या कुस्तीगीर बाईवरची जपानी मालिका नेटफ्लिक्सवर आली. ती पाहिलेल्या एका मित्राने परवा चहा घेता घेता निकाल देऊन टाकला : “वयाची मर्यादा होती म्हणून तर त्या पोरी जिवावर उदार होऊन खेळायच्या. उद्या संपणार हे माहीत असलं की माणूस आज सगळं ओततो.” बोलायला हे झकास आहे. टाळी घेणारं आहे. आणि ज्याला कुणी पंचविसाव्या वर्षी घरी बसवलेलं नाही, त्यालाच ते सुचू शकतं.

मला लाल बेल्टचा इतिहास नेमका उलटा वाचता येतो. या मर्यादेने बेल्टला धार आणली नाही, त्याला पुन्हा पुन्हा पोकळ केलं. आणि ती मर्यादा सैल झाली तेव्हाच त्या बेल्टचे सर्वांत भरलेले दिवस आले.

आधी कंपनीविषयी. ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग, जपानी बोलण्यात ‘झेन्जो’, ही मात्सुनागा बंधूंनी १९६८ मध्ये काढली. फुजी टीव्हीने कुस्त्या दाखवायला सुरुवात केल्यावर तिचं बस्तान बसलं. मुली यायच्या त्या माध्यमिक शाळा संपवून, पंधराव्या वर्षी. चिगुसा नागायो अशीच आली, बुल नाकानोही. राहायला कंपनीचं वसतिगृह, फिरायला कंपनीची बस, वर्षाला दोनशेहून अधिक कार्यक्रम. नवख्या पोरींनी रिंग उभारायची, रिंग उतरवायची आणि मधल्या वेळात प्रेक्षकांना छायाचित्रं नि कार्यक्रमपत्रिका विकायच्या. तीन गोष्टींना सक्त मनाई : दारू, सिगारेट आणि पुरुष. दहा वर्षं असं राबून झालं की निरोपाचा कार्यक्रम. रिंगच्या मधोमध उभं राहायचं, घंटेचे दहा ठोके ऐकायचे, चहूबाजूंनी रंगीत कागदी फिती येऊन अंगावर पडायच्या. त्या फितींच्या गुंत्यात घोट्यापर्यंत बुडालेली, मुठीने डोळे पुसणारी चोवीस वर्षांची मुलगी, हे चित्र झेन्जोच्या जुन्या ध्वनिचित्रफितींत इतक्यांदा येतं की पुढे पुढे चेहरे एकमेकांत मिसळायला लागतात.

घरी जाऊन करायचं काय? तर लग्न. त्या काळच्या जपानात एक म्हण फिरायची : मुलगी म्हणजे ख्रिसमसचा केक, पंचवीस उलटली की कोण घेतो? आपल्याकडे केक नव्हता, पण ‘पंचविशीच्या आत उरकून टाका’ म्हणणाऱ्या मावश्या होत्याच, त्यामुळे आपल्याला हे भाषांतर करून सांगायची गरज नाही. तर पोरींचं आयुष्य मार्गी लागावं, ही कंपनीची मोठी कळकळ. मला या कळकळीचा संशय येतो. प्रेक्षकांत शाळकरी मुलींचा भरणा. त्यांना रिंगमध्ये आपल्याहून चार वर्षांनी मोठी ताई हवी, आई नको. शिवाय पंधरा वर्षांची पोर पगारावरून भांडत नाही, तिशीतली बाई भांडते. डम्प मात्सुमोतोचंच पाहा. ती १९८८ मध्ये निवृत्त झाली तेव्हा २७ वर्षांची होती. मर्यादा तिच्यापुरती दोन वर्षांनी कशी लांबली, हे तिच्या नावावर खपणारी तिकिटं सांगतात. पावित्र्याचा नियम कुणासाठीही वाकत नाही, धंद्याचा वाकतो.

गंमत म्हणजे हा बेल्ट जिच्यामुळे जपानात आला, तिलाच या नियमाने दारात अडवलं असतं. मिल्ड्रेड बर्क ही अमेरिकन कुस्तीगीर. पूर्वाश्रमीचा नवरा बिली वुल्फ हाच तिकडच्या बायकांच्या कुस्तीचा दादा होता, आणि त्याच्याशी फाटल्यावर त्याने तिला बाजारातून उठवायचा चंग बांधला. मग तिने स्वतःची संघटना थाटली, तीच ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए. १९५४ च्या नोव्हेंबरात ती आपल्या चमूसह जपानात आली आणि तिथल्या लोकांनी बायकांची व्यावसायिक कुस्ती खऱ्या अर्थाने पहिल्यांदा पाहिली. तेव्हा बर्क ३९ वर्षांची होती, एका मुलाची आई होती. तिच्या संघटनेचा किताब १९७० मध्ये ऐको क्योने जिंकला आणि झेन्जोचा झाला. एकोणचाळीस वर्षांच्या आईचा बेल्ट, आणि पंचविशी आली की तो ठेवून घरी जायचा रिवाज!

आता २७ फेब्रुवारी १९७९. टोकियोचं निप्पॉन बुदोकान सभागृह. जॅकी सातो आणि माकी उएदा, दोघींची जोडी ‘ब्यूटी पेअर’. त्यांनी गायलेलं गाणं देशभर वाजत होतं, रिंगमध्ये उतरून आधी त्या गायच्या आणि मग लढायच्या. शाळेच्या गणवेशातल्या मुली त्यांच्यासाठी वेड्या झाल्या होत्या. त्या रात्री या दोघींना एकमेकींसमोर उभं केलं. लाल बेल्ट पणाला, आणि जी हरेल तिने निवृत्त व्हायचं. उएदा हरली. तिचं वय १९.

इथे ‘सगळं आधीच ठरलेलं असतं हो’ म्हणणारे हात वर करतील. नुरा कुस्ती ती नुरा कुस्ती, कसला बेल्ट आणि कसलं काय. पहिली गोष्ट, झेन्जोत एक वेगळीच तऱ्हा होती. कित्येक लढतींचा शेवट ठरवलेला नसे. ठरावीक वेळानंतर दोघींनी खरोखर एकमेकींना दाबून धरायचं, जिचे खांदे तीन मोजेपर्यंत टेकलेले राहतील ती हरली, असं तिथल्या अनेक कुस्तीगीर बायकांनीच पुढे सांगितलंय. दुसरी गोष्ट महत्त्वाची. समजा सगळं ठरलेलंच होतं, तर ठरवलं कुणी? मालकांनी. म्हणजे बेल्ट हा मालकांनी दिलेला शेरा झाला, नोकरीतल्या बढतीसारखा. मग त्या शेऱ्यांची यादी आपण जास्तच बारकाईने वाचायला हवी. खऱ्या कुस्तीचा निकाल अंगातली ताकद सांगतो, ठरवलेल्या कुस्तीचा निकाल मालकाच्या डोक्यात काय आहे ते सांगतो.

जॅकी सातोचं पुढे काय झालं? फेब्रुवारी १९८१ मध्ये ती योकोहामात जॅग्वार योकोताकडून बेल्ट हरली आणि त्याच वर्षी निवृत्त झाली, वय २३. तिला कुस्ती नकोशी झाली होती असं मानायला जागा नाही, कारण १९८६ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनी निघाली तेव्हा ती अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा रिंगमध्ये होती. मधली पाच वर्षं, कुस्तीगिराच्या आयुष्यातली ऐन बहराची, कुणाच्या हिशेबात लिहायची?

जॅकी हरली त्याला महिनाही झाला नव्हता, तोच २४ मार्च १९८१ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निस्सान मोटर खटल्याचा निकाल दिला. कंपनीत पुरुषांचं निवृत्तीचं वय ६० आणि बायकांचं ५५ होतं. पाच वर्षांचा हा फरक केवळ बाई म्हणून केलेला भेदभाव आहे, तो रद्द, असं न्यायालय म्हणालं. त्याआधीही खालच्या कोर्टांनी लग्न झालं की राजीनामा द्यायची अट, तिसाव्या वर्षी बायकांना घरी पाठवायची अट, अशा अटी मोडीत काढल्या होत्या. म्हणजे कारखान्यातल्या बाईला पंचावन्नाव्या वर्षी घालवणं चूक, हे देशातल्या सर्वांत वरच्या न्यायासनाने सांगितलं, त्याच सुमारास टीव्हीवर दर आठवड्याला दिसणाऱ्या बायकांना पंचविसाव्या वर्षी फुलं देऊन वाटेला लावलं जात होतं आणि देश रुमाल काढून डोळे पुसत होता. कारखान्यात झाला तर अन्याय, रिंगमध्ये झाला तर निरोप समारंभ. झेन्जोच्या त्या बसपर्यंत हा निकाल पोचला असेल असं मला वाटत नाही.

आपण हसायचं कारण नाही. त्याच १९८१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा हा निकाल दिला. तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीत हवाई सुंदरीने ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा निवृत्त व्हायचं, यातलं जे आधी येईल ते. वाढीव वर्षं मिळणं न मिळणं व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारा पुरुष ५८ पर्यंत. न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि मर्जीचा कारभार रद्द केला, हे चांगलंच झालं. पण पस्तिशीची आणि चार वर्षं लग्न न करण्याची अट कायम ठेवली. दुसरीच्या समर्थनात तर कुटुंबनियोजनाला हातभार लागतो हेही आलं. म्हणजे इकडेही बाईच्या भल्याचीच काळजी. ‘हवाई सुंदरी’ हा आपला शब्दच काय सांगतो पाहा. कामाच्या नावातच सौंदर्य घातलं की वय झालं हे ठरवायला मालक मोकळा.

बेल्टकडे परत येऊ. मर्यादेमुळे लढत पेटते, असं माझा मित्र म्हणतो. पण किताबाची किंमत कशात असते? कालची विजेती अजून समोर उभी असण्यात. तिच्याकडून तो हिसकावून घ्यावा लागतो, आणि घेतल्यावरही ती परत येईल ही धास्ती राहते. आपल्या आखाड्यातही जुना पैलवान फडात बसलेला असला की नव्याच्या गदेला वजन येतं. झेन्जोत काय व्हायचं? विजेती निवृत्त व्हायची, बेल्ट रिकामा पडायचा, आणि उरलेल्यांतल्या दोघींत लढत लावून तो कुणाच्या तरी कमरेला बांधायचा. मे १९८९ मध्ये चिगुसा नागायो गेली, वय २४. त्याच उन्हाळ्यात तिची जोडीदार लायनेस आसुका गेली, तेव्हा ती लाल बेल्टची मानकरीण होती. या दोघींची ‘क्रश गर्ल्स’ म्हणजे त्या दशकातली सर्वांत लोकप्रिय जोडी. ज्यांना हरवून कुणी मोठं व्हायचं, त्याच दोघी एका वर्षात पटावरून उचलल्या. ४ जानेवारी १९९० ला बुल नाकानोने हा रिकामाच बेल्ट मित्सुको निशिवाकीला हरवून घेतला. गर्दी ओसरलेली, आणि पदरात पडलेला बेल्ट कुणाकडूनही न जिंकलेला. मर्यादेची ही कमाई.

मग मात्र बुल नाकानोने जे केलं, त्यासाठी मी तिला कधीही उठून नमस्कार करेन. तिने तो बेल्ट जवळजवळ तीन वर्षं सोडला नाही आणि आजा काँगला आपल्याबरोबर मोठं केलं. १४ नोव्हेंबर १९९०, योकोहामा, लोखंडी पिंजऱ्यातली लढत. दोघींची कपाळं फुटलेली. नाकानो पिंजऱ्याच्या कडेवर चढते. केस विजेच्या धक्क्याने उभे राहिल्यासारखे, चेहऱ्यावर निळे पट्टे. खाली आजा पडलेली. वर ती क्षणभर थांबते, देवळात जोडतात तसे हात जोडते आणि पाय पुढे टाकून खाली येते. मी ती चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा चाळिशीकडे झुकलो होतो. शाळेत असताना आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळायचो, रँक, छाती, बायसेप्स. माझ्या अख्ख्या गठ्ठ्यात एक बाई नव्हती. आणि त्याच वर्षांत तिकडे योकोहामात हे चाललं होतं!

२६ नोव्हेंबर १९९२ ला कावासाकीत आजाने अखेर बेल्ट जिंकला. नाकानो २४ वर्षांची होती. जुन्या हिशेबाने घंटेचे दहा ठोके आता जवळ आले होते. पण ते पडले नाहीत. दोन महिन्यांत ती पंचवीस ओलांडून पुढे गेली आणि खेळत राहिली, अमेरिकेतही. मर्यादा मोडली ती कुणी जाहीरनामा काढून नाही. चांगल्या कुस्तीगीर बाया हाताशी होत्या, दुसऱ्या कंपन्या निघाल्या होत्या, घालवली तर ती तिकडे जाणार हे मालकांनाही दिसत होतं. अन्याय कधी कधी असा लाजून बाजूला होतो, फक्त नुकसान दिसायला लागावं लागतं.

त्यानंतरची दोन वर्षं पाहा. २ एप्रिल १९९३, योकोहामा अरेना. झेन्जोची आकिरा होकुतो आणि दुसऱ्या कंपनीतली शिनोबु कांदोरी. कांदोरी जागतिक ज्युडो स्पर्धेत पदक मिळवून आलेली, पुढे ती जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातही गेली. होकुतोची १९८७ मध्ये रिंगमध्ये मान मोडली होती, आणि तिने स्वतःच्या हाताने डोकं धरून ती लढत पुरी केली होती. या दोघींची रक्ताने माखलेली कुस्ती आजही बायकांच्या कुस्तीतल्या सर्वश्रेष्ठ लढतींत धरतात. त्या रात्री होकुतोला २६ वं लागायला तीन महिने उरले होते, कांदोरी २८ ची होती. मित्राच्या न्यायाने या दोघींत धार उरायलाच नको होती. १९९४ च्या नोव्हेंबरात टोकियो डोममध्ये बायकांच्या कुस्तीचा महोत्सव झाला. कंपनीने जाहीर केलेली गर्दी ४२,५००. दुपारी सुरू झालेला कार्यक्रम मध्यरात्रीच्या सुमाराला संपला, लोकांच्या शेवटच्या गाड्या चुकल्या. तिथली मोठी स्पर्धा होकुतोने आजाला हरवून जिंकली. (लाल बेल्ट मात्र होकुतोला कधीच मिळाला नाही. माझ्या मते हा त्या बेल्टचा तोटा.)

आता समोरच्या बाजूचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. जुन्या गेल्याच नाहीत तर नव्यांना जागा कुठून मिळणार? नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी बायकांच्या कुस्तीची गर्दी आटली, नव्या मुली येईनाशा झाल्या, १९९७ मध्ये झेन्जोचं दिवाळं निघालं आणि २००५ मध्ये दुकान कायमचं बंद झालं. मर्यादा उठवल्याची ही फळं, असं म्हणणारे तिकडेही आहेत. पण दिवाळं निघालं ते मालकांनी शेअर आणि जागांच्या व्यवहारांत हात पोळून घेतले म्हणून. टोकियो डोम भरवणाऱ्या बायकांनी नव्हे. पगार थकल्यावर एकेक जण बाहेर पडली. आणि नव्यांना जागा देण्याचा मार्ग कावासाकीत दिसलाच होता : म्हातारीला, म्हणजे चोवीस वर्षांच्या म्हातारीला, नवीने हरवायचं. हरलेलीने हजर राहायचं. त्यासाठी तिला जिवंतपणी श्राद्धाला बसवावं लागत नाही.

शरीराचं म्हणाल तर ते मोडतं, हे मान्य. योकोताचा खांदा गेला आणि तिला बेल्ट सोडावा लागला, होकुतोची मान मी वर सांगितलीच. पण होकुतोची मान मोडली तेव्हा ती १९ वर्षांची होती. पोरींची शरीरं वयाने मोडत नव्हती, वर्षाला दोनशे लढती, अपुरी विश्रांती आणि दुखापत लपवून उभं राहायची सक्ती याने मोडत होती. त्यावर औषध म्हणजे कमी तारखा आणि रिंगपाशी डॉक्टर. पंचविशीत निवृत्ती हे औषध नव्हे, वापरून झालेला टॉवेल बदलणं झालं.

आज झेन्जो नाही. २०११ पासून चालणाऱ्या स्टारडम या कंपनीने आपल्या दोन मुख्य किताबांचे पट्टे जुन्या झेन्जोसारखेच लाल आणि पांढरे ठेवले. तिच्या लाल बेल्टची पहिली मानकरीण नानाए ताकाहाशी ३२ वर्षांची होती. २७ एप्रिल २०२५ ला योकोहामा अरेनात या बेल्टसाठी साया कामितानी आणि ताम नाकानो लढल्या, हरेल तिने निवृत्त व्हायचं या अटीवर, आणि नाकानो हरून गेली. १९७९ चं बुदोकानच पुन्हा उभं केलं होतं जणू. लोक रडले. मीही गलबललो, खोटं कशाला सांगू. पण डोळे पुसून झाल्यावर प्रश्न उरलाच : बाईच्या कुस्तीतली सर्वांत मोठी गोष्ट सांगायची म्हटली की अजून तिचं जाणंच का सुचतं? वयाचा नियम गेला, पण त्याच्या सावलीत तयार झालेली आपली चव गेलेली नाही. आपल्याला बाईचा निरोप आवडतो. तिचं टिकणं आपल्याला तितकंसं नाट्यमय वाटत नाही.

मला वाटतं, सोमवारच्या रटाळ कार्यक्रमात, अर्ध्या भरलेल्या हॉलमध्ये, पन्नाशीची आजा काँग आपलं ठरलेलं हत्यार, रंगवलेला पत्र्याचा डबा, घेऊन रिंगकडे चालत येते आणि समोरची विशीतली पोर एक पाऊल मागे सरते, त्यात बुदोकानपेक्षा जास्त नाट्य आहे. जॅग्वार योकोताने पंचेचाळिसाव्या वर्षी बाळाला जन्म दिला आणि साठी उलटल्यावरही ती लढतेय. पंचविशीत जिला घरी पाठवलं त्या चिगुसा नागायोने १९९५ मध्ये स्वतःची कंपनी उभी केली आणि दहा वर्षं चालवली.

मानामी तोयोताने मात्र ३ नोव्हेंबर २०१७ ला, योकोहामात, स्वतःच्या मर्जीने निरोप घेतला. वय ४६, कारकीर्द तीस वर्षांची. तिने त्या दिवशी पन्नासहून अधिक जणींशी ओळीने एकेक मिनिटाची कुस्ती केली. जुन्या, नव्या, तिच्याबरोबर बसमधून फिरलेल्या, तिला फक्त टीव्हीवर पाहिलेल्या. शेवटची लढत त्सुकासा फुजिमोतोशी होती, आणि तोयोता ती हरली. प्रतिस्पर्ध्याचे हात पुढून आडवे अडकवून, खांद्यावर उचलून मागे टाकायचा तोयोताचा खास डाव तिने या फुजिमोतोलाच वापरायला दिला होता. फुजिमोतो तेव्हा ३४ वर्षांची होती.